अजेंड्यावरचा सातवा विषय

मी स्कूल बोर्डाच्या बैठकीला गेले ती छप्पर गळतं म्हणून. बाकी काही उदात्त हेतू नव्हता.

धाकटीचा वर्ग पोर्टेबलमध्ये भरतो. पोर्टेबल म्हणजे शाळेच्या मैदानात आणून ठेवलेली डब्यासारखी खोली. व्हँकुव्हरच्या आसपासची उपनगरं अशी फुगत चाललीत की शाळांच्या इमारती पुरेनात, मग असे डबे ठेवतात. मागच्या अख्ख्या हिवाळ्यात तिच्या वर्गातल्या वाचनाच्या कोपऱ्यात एक निळी बादली होती. मुलांनी तिचं नाव नायगारा ठेवलं होतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन महिने नुसती चर्चा झाली आणि शेवटी "तुला बोलायला बरं जमतं, तूच जा" म्हणून सगळ्यांनी मला पुढे ढकललं.

इथल्या स्कूल बोर्डाबद्दल आधी थोडं सांगते, कारण आपल्याकडे असं काही नाही. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती घ्या, तिच्यातलं बाकीचं राजकारण काढून टाका आणि लोकांना ती थेट निवडून देऊ द्या, की साधारण बोर्ड होतं. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडातल्या आमच्या या प्रांतात, असे ६० शाळा-जिल्हे आहेत. बोर्डाच्या सभासदांना ट्रस्टी म्हणतात आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. मत मात्र फक्त नागरिकांना. मी अजून पीआर आहे, म्हणजे कायमची रहिवासी पण नागरिक नव्हे, त्यामुळे मला ट्रस्टी निवडता येत नाही, पण पाच मिनिटं तक्रार करता येते. त्यासाठी आधी अर्ज करून अजेंड्यावर नाव घालावं लागतं. माझं नाव आठव्या विषयात होतं.

संध्याकाळी सातला बैठक सुरू झाली. सुरुवातीला अध्यक्षांनी ही जमीन कोणत्या कोस्ट सेलिश नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजांची, आहे ते वाचून दाखवलं. हे वाचन इथे प्रत्येक कार्यक्रमाआधी होतं, अगदी शाळेच्या बँडच्या कार्यक्रमाआधीसुद्धा. आम्ही २०१९ मध्ये आलो तेव्हा पहिल्यांदा ऐकून अंगावर काटा आला होता. मग सवय झाली. शाळेत आपण 'भारत माझा देश आहे' म्हणताना नजर खिडकीबाहेर असायची ना, तसंच. त्यातला 'अनसीडेड', म्हणजे हक्क न सोडलेली जमीन, हा शब्द मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. व्हँकुव्हर बेटावरचे काही जुने करार, ईशान्येचा एक तुकडा आणि अलीकडचे मोजके करार सोडले, तर या प्रांताची जमीन कुणी लिहून दिलेली नाही, विकलेली नाही आणि कुणी ती युद्धात जिंकलेलीही नाही. लोक येऊन राहिले, बस. आम्हीही त्यातलेच, फक्त उशिरा आलेले आणि हप्ते भरणारे.

सातवा विषय होता वार्षिक अहवाल. विद्यार्थी काय शिकले याचा हिशेब प्रत्येक बोर्डाला दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास प्रांत सरकारला द्यावा लागतो आणि लोकांसमोरही मांडावा लागतो. पडद्यावर तक्ते सुरू झाले. चौथी आणि सातवीचं वाचन-लेखन-गणित, दहावीचं गणित, किती मुलं वेळेत बारावी पूर्ण करतात वगैरे. मी मोबाइलमध्ये माझं भाषण पुन्हा वाचत होते. मग लक्षात आलं की प्रत्येक तक्त्यात एकच आकडा नाहीये. आधी सगळी मुलं. मग वेगळी रांग: मूळनिवासी विद्यार्थी, त्यात रिझर्व्हवर, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहणारे निराळे आणि बाहेर राहणारे निराळे. मग अपंगत्व किंवा खास गरजा असलेले. मग सरकारच्या देखभालीत असलेली, म्हणजे घरातून काढून फोस्टर कुटुंबात ठेवलेली मुलं. या शेवटच्या रांगेतही मूळनिवासी मुलंच निम्म्याहून जास्त असतात, हे मला नंतर कळलं.

वरच्या रांगेत आणि खालच्या रांगांत दरी होती. प्रांतभर ती गेल्या वीसेक वर्षांत बरीच कमी झालीय, मिटलेली नाही. काही चौकटींत आकड्याऐवजी 'मास्क्ड' असं लिहिलेलं होतं. गटातली मुलं इतकी थोडी की आकडा छापला तर कुठलं पोर ते ओळखू येईल, म्हणून झाकलेला.

एका ट्रस्टीबाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "या झाकलेल्या चौकटीतली मुलं झाकलेली राहोत. पण आपल्याला ती नावानं माहीत आहेत ना? प्रत्येक?"

सुपरिंटेंडंटनी, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या मूळनिवासी शिक्षण विभागाच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, हो. प्रत्येक शाळेत यादी आहे, कोण कुठल्या विषयात अडकलंय, कोण किती दिवस आलं नाही, कुणाच्या घरी फोन कोण करतं. मग जरा थांबून म्हणाल्या, "यादी असणं आणि फोन होणं, यात अजून फरक आहे." कुणी घाईघाईनं सारवासारव केली नाही. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

मग त्या विभागप्रमुख बाईंनी 'एव्हरग्रीन'चा विषय काढला. इथे बारावी पूर्ण केल्यावर जे प्रमाणपत्र मिळतं त्याला सगळे 'डॉगवुड' म्हणतात, प्रांताच्या फुलावरून. त्यासाठी ८० क्रेडिट लागतात. दुसरं असतं एव्हरग्रीन, शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र. दिसायला छान, स्टेजवर टोपी-गाऊन घालून घेता येतं, फोटोही येतो. पण ते बारावी पास झाल्याचं प्रमाणपत्र नव्हेच. कॉलेजच्या दारात गेल्यावर कळतं. गंभीर बौद्धिक अडचणी असलेल्या मुलांसाठी ते ठेवलेलं होतं, पण कित्येक वर्षं ते धडधाकट मूळनिवासी मुलांच्याही हातात ठेवलं जात होतं. २०१५ मध्ये प्रांताच्या महालेखापालांनी मूळनिवासी मुलांच्या शिक्षणाचं लेखापरीक्षण केलं आणि त्यात एक शब्दप्रयोग वापरला, जो इथल्या शिक्षकांना आजही टोचतो: कमी अपेक्षांचा वंशभेद. म्हणजे कुणी शिवी देत नाही, कुणी मारत नाही. फक्त 'याला सोपंच देऊ या, बिचाऱ्याला झेपायचं नाही' असं प्रेमानं ठरवून टाकतात.

घरी आल्यावर झोप येईना. नाशकात सकाळ झालेली होती, म्हणून आत्याला फोन लावला. आत्या तीस वर्षं डहाणूकडे एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, पहिलीतली वारल्यांची पोरं आमच्यासमोर महिना-महिना तोंड उघडायची नाहीत. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, मठ्ठ आहेत. मला चार वर्षांनी कळलं, त्यांना आमचं मराठीच समजत नव्हतं. तोवर चार बॅचना मी सोपंच दिलं की गं."

आश्रमशाळा आणि इथल्या रेसिडेन्शियल शाळा, म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळा, एक नव्हेत, हे स्पष्ट सांगते, नाहीतर कमेंटमध्ये माझी शाळा घ्याल. आत्याची पोरं दिवाळीला आणि मे महिन्यात घरी जायची, आईबापांनीच आणून घातलेली असायची. इथे १९२० मध्ये कायद्यानं सक्ती केली. पोलीस येऊन मुलं घेऊन जायचे, न देणाऱ्या आईबापांना दंड नाहीतर तुरुंग. शाळा सरकारच्या पैशावर चालायच्या आणि चालवायचे चर्चवाले. केस कापायचे, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोललं की मार. दीड लाखाहून जास्त मुलं या शाळांतून गेली. चार हजारांहून अधिक मुलांचे मृत्यू नोंदींत सापडलेत आणि खरा आकडा त्याहून मोठा असणार असं अभ्यासकच म्हणतात. शेवटची शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाली. तेव्हा मी नाशकात वेणीला रिबिनी बांधून शाळेत जात होते. म्हणजे हा काही शिवकाळातला इतिहास नाही.

आम्हाला हे सगळं कळलं २०२१ च्या मे महिन्यात. कॅमलूप्सच्या जुन्या रेसिडेन्शियल शाळेच्या आवारात रडारनं जमिनीखाली पाहणी केली आणि २१५ मुलांचे अवशेष असल्याचं तिथल्या मूळनिवासी नेशननं जाहीर केलं. पुढे तो आकडा सुमारे २०० संभाव्य जागा असा सुधारला. व्हँकुव्हर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर लोकांनी मुलांच्या बुटांचे २१५ जोड मांडले होते. आम्ही पाहायला गेलो. एका जोडाला वेल्क्रोचा पट्टा होता, माझ्या धाकटीच्या पायात होता अगदी तसाच. ती तेव्हा नर्सरीच्या वयाची. तिनं विचारलं, "हे बूट कुणी विसरलं?" मी उत्तर दिलं नाही.

आता ती पाचवीत आहे आणि ३० सप्टेंबरला, रेसिडेन्शियल शाळांतल्या मुलांच्या आठवणीच्या दिवशी, नारिंगी टी-शर्ट घालून जाते. त्यामागची गोष्ट फिलिस वेबस्टॅड यांची. १९७३ मध्ये, सहा वर्षांच्या असताना, त्या विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ मिशनमध्ये गेल्या. आजीनं नवा झगझगीत नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी कपडे काढून घेतले, शर्ट परत कधी मिळालाच नाही. २०१३ पासून हा दिवस पाळला जातो आणि २०२१ मध्ये तो केंद्राची सुट्टी झाला. दुकानांत ऑगस्टपासूनच नारिंगी टी-शर्टांचे ढीग लागतात. एक तर लगेच आखूड होतो, त्यामुळे दर वर्षी नवा. आमच्या ग्रुपवर दर सप्टेंबरला तोच प्रश्न येतो: "नारिंगी कुठे स्वस्त मिळेल?" मीही विचारलाय.

थोरल्याचं वेगळंच. तो बारावीत. इथे आता डॉगवुड मिळवायचं तर मूळनिवासींशी संबंधित चार क्रेडिटचा एक तरी विषय करावाच लागतो, २०२३-२४ पासून. असा नियम करणारा कॅनडातला हा पहिला प्रांत. त्याच्या शाळेत सगळेच नेहमीच्या बारावीच्या इंग्लिशऐवजी 'इंग्लिश फर्स्ट पीपल्स', म्हणजे मूळनिवासींच्या साहित्यातून शिकवलं जाणारं इंग्लिश, घेतात, म्हणजे एकाच विषयात दोन्ही कामं. यावर देशी पालकांच्या ग्रुपवर जे वादळ उठलं ते विचारू नका. "युनिव्हर्सिटीला चालेल का?" "हे हलकं इंग्लिश आहे म्हणतात." चालतं, युनिव्हर्सिट्या ते बरोबरीचं धरतात. हलकं तर मुळीच नाही. पोरगा एका कथेवर तीन आठवडे बसला होता, कारण तिला शेवटी तात्पर्यच नव्हतं आणि सरांनी ते सांगायला नकार दिला. इथल्या फर्स्ट नेशन्सच्या शिक्षण समितीनं शिकण्याची काही तत्त्वं मांडलीत, ती वर्गात लावलेली असतात. त्यातलं एक म्हणजे शिकायला धीर आणि वेळ लागतो. ते वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो आमच्या क्लासेसच्या 'क्रॅश कोर्स'च्या पाटीचा.

पण त्या ग्रुपवरच्या 'हलकं' या शब्दानं मला त्या रात्री छळलं. आत्याचं 'सोपं' आणि आमचं 'हलकं'. मूळनिवासींचं नाव लागलं की दर्जा कमी असणार, हे आम्ही कुणी न सांगता धरून चाललो होतो.

धाकटीला शाळेत हुल्कोमिनम या इथल्या कोस्ट सेलिश भाषेतले काही शब्द शिकवतात. 'हाय चेप का' म्हणजे तुम्हा सगळ्यांचे आभार. त्यातला 'क' आपला नव्हे, घशातून टिचकी मारल्यासारखा फुटतो. तिला तो झकास येतो. 'बाळ' मात्र ती अजून 'बाल'च म्हणते. आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "त्या लोकांचा क येतो आणि आपला ळ येत नाही होय?" हुल्कोमिनम अस्खलित बोलणारी माणसं आता अगदी मोजकी उरलीत. जी भाषा शाळेनं मारून विसरायला लावली, तीच आता शाळेत कागदाच्या पट्ट्यांवर लिहून भिंतीला चिकटवतात. रेसिडेन्शियल शाळांची चौकशी केलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर म्हणायचे की शिक्षणानंच हा घोळ घातला आणि शिक्षणच यातून बाहेर काढेल. आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली ६२ वी शाळांच्या अभ्यासक्रमाबद्दलच आहे.

बैठकीत अजून एक गोष्ट झाली, ती राहिली. मूळनिवासी मुलांसाठी प्रांताकडून वेगळा निधी येतो. तो दुसरीकडे वळवता येत नाही, नेहमीच्या खर्चाच्या वर घालायचा असतो. पूर्वी तो कसा वापरायचा ते बोर्ड ठरवायचं. २०२३ च्या कायद्यानं प्रत्येक बोर्डाला मूळनिवासी शिक्षण परिषद नेमावी लागली आणि आता या खर्चाच्या आराखड्याला तिची मंजुरी लागते. परिषदेच्या वतीनं एक वयस्कर बाई आल्या होत्या, एल्डर, म्हणजे मूळनिवासी समाजातल्या मानाच्या ज्येष्ठ. आराखड्यात एक ओळ होती: सांस्कृतिक कार्यक्रम, वर्षभर. त्यांनी ती बोटानं दाखवली आणि म्हणाल्या, ढोल वाजवायला आम्ही येऊच. पण दहावीच्या गणितासाठी संध्याकाळी एक माणूस द्या, आणि घरी जायला बसचा पास द्या. माझी नात शेवटची बस चुकते म्हणून शिकवणीला थांबत नाही.

गणिताचा माणूस लिहून घेतला गेला. बसच्या पासावर पंधरा मिनिटं चर्चा झाली, तो कुठल्या खात्यातून द्यायचा यावर. शेवटी पुढच्या बैठकीत आणायचं ठरलं.

पावणेदहाला माझं नाव पुकारलं. पाच मिनिटांचं भाषण मी अडीच मिनिटांत संपवलं. 'मुलांचं शैक्षणिक नुकसान' वगैरे जे लिहून नेलं होतं ते गाळलं. छप्पर गळतं, वाचनाचा कोपरा भिजतो, एवढंच सांगितलं आणि बादलीचा फोटो दाखवला. नायगारा म्हटल्यावर हसले सगळे. अध्यक्षांनी आभार मानले आणि नोंद घेतली.

पार्किंगमध्ये त्या एल्डरबाई कुणाची तरी वाट पाहत उभ्या होत्या. मी "येता का, सोडते" म्हटलं. त्या म्हणाल्या, नात येतेय गाडी घेऊन, नुकतंच लायसन मिळालंय, म्हणून जरा लांबच उभी राहा.

आता नोव्हेंबर. बसचे पास मंजूर झाले. छपराचं काम व्हायचंय. बादली तेवढी मोठी आणलीय, लाल रंगाची. नावावर वर्गात अजून मतदान चालू आहे.