सहा जानेवारीचा नाताळ

ध्वनिमुद्रणाच्या कामात चर्च मला नवीन नाहीत. वसईपासून गोव्यापर्यंत बरीच झाली. पण सगळ्यांचा नाताळ उरकल्यावर ६ जानेवारीला कोलकात्याच्या बडाबाजारातल्या आर्मेनियन चर्चमध्ये नाताळाची प्रार्थना रेकॉर्ड करायची, हे पहिल्यांदाच. आर्मेनियन लोक येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा याच एका दिवशी साजरा करतात.

बाहेर आर्मेनियन स्ट्रीटवर हमालांचा आरडाओरडा, हातगाड्या, भोंगे. फाटकाच्या आत अंगणभर थडगी. त्यांच्यावरूनच चालावं लागतं. एका दगडावर रेझाबीबी या बाईचं नाव आणि साल १६३०. कोलकाता वसवल्याचं श्रेय ज्याला देतात तो ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक इथे उतरला तो १६९० मध्ये. माझा बंगाली सहायक थबकला. ‘दादा, म्हणजे साहेबाच्या आधी हे लोक?’ मी म्हटलं, आधी केबल टाक.

उत्तर मात्र मी वाचून गेलो होतो. इराणच्या शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जुल्फा या गावचे आर्मेनियन उचलून इस्फहानला नेले. तिथलं नवं जुल्फा रेशमाच्या व्यापारावर उभं राहिलं आणि तिथले व्यापारी भारतभर पसरले. त्यांच्यातल्या खोजा पानोस कलांतारने १६८८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. कंपनीच्या गावात चाळीस आर्मेनियन जमले, की कंपनीने चर्चला जागा द्यायची, स्वखर्चाने लाकडी चर्च उभारायचं आणि पाद्र्याला सात वर्षं सालाना पन्नास पौंड द्यायचे. व्यापाराच्या करारात देवाचीही सोय! मला हे फार आवडलं. आजचं पक्कं चर्च आगा नझर यांनी १७२४ मध्ये बांधलं, मनोरा दहा वर्षांनी झाला.

आत उपासना सुरू झाली आणि माझी खरी कसोटी लागली. त्यांच्याकडे क्षोत्स नावाचं वाद्य असतं: लांब दांडीवर धातूची तबकडी, कडेला बारीक घुंगरं. गायनवृंद मंद सुरात चाललेला असताना हे एकदम खणखणलं आणि आवाजाचं मीटर तांबड्यात. लेव्हल उतरवावी तर गाणं बुडतं. शेवटी क्षोत्सच्या बाजूचा माइक खाली वळवला आणि वृंदावरचा तसाच ठेवला. मग ते घुंगरू पडद्यामागून आल्यासारखं वाजू लागलं. काय गोड!

गाणारी बरीचशी पोरं १८२१ च्या आर्मेनियन कॉलेजची, इराण-आर्मेनियातून शिकायला आलेली. ‘संपत चाललेला समाज’ असं या लोकांबद्दल उठसूट लिहिलं जातं. हेडफोनमध्ये मला तरी संपणारं काही ऐकू येईना. एकाचा आवाज फुटत होता, दुसरा त्याला कोपरखळी मारत होता. शुद्ध, जुन्या आर्मेनियनमधली प्रार्थना संपली, की लगेच त्यांची कुजबूज सुरू.

शेवटी पाणी आशीर्वादित करतात. त्यात क्रूस बुडवतात, पवित्र तेलाचे थेंब टाकतात. पाणी वाटायला घेतल्यावर रांगेतल्या एका आजींनी मलाही ग्लास भरून दिला आणि खणखणीत बंगालीत विचारलं, ‘आमचं गाणं नीट आलं ना?’ मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून थोडं ऐकलं, मग म्हणाल्या, ‘हॉर्न फार वाजतोय.’

संध्याकाळी निर्मात्याचाही फोन आला, भोंगे काढता येतील का म्हणून. गायनाखालचे काढले. अंगणातल्या ट्रॅकवर मात्र हमालांचा आवाज तसाच ठेवला आणि फाईल पाठवून दिली.