काळयंत्र आणि किरकोळ कामं

डॉक्टर डूम म्हणजे सुपरहिरो कॉमिक्समधलं अतिहुशार डोकं. १९६२ साली ‘फँटास्टिक फोर’ या चार हिरोंच्या मालिकेच्या पाचव्या अंकात स्वारी पहिल्यांदा अवतरली, तीच काळयंत्र घेऊन. आता एवढं यंत्र हाताशी असलेल्या माणसानं काय करावं? त्यानं चौघांतल्या सूला ओलीस ठेवलं आणि उरलेल्या तिघांना पिटाळलं, जा, ब्लॅकबिअर्ड चाच्याची खजिन्याची पेटी घेऊन या. म्हणजे आमच्या नागपुरात ‘बर्डीच्या बाजारात चाललाच आहेस तर येताना तेवढं आण’, यातलाच प्रकार!

पुढची गंमत आणखी भारी. चाच्यांच्या काळात पोचल्यावर वेश पालटायला तिघांतल्या थिंगनं काळी दाढी चिकटवली आणि इतिहासातला ब्लॅकबिअर्ड तो हाच निघाला. परतताना त्यांचा म्होरक्या रीड, त्यानं पेटीतलं जवाहीर काढून साखळदंड भरले. कबूल पेटी केली होती, आतला माल नाही. इतवारीच्या सराफ्यातही इतका पक्का व्यवहार व्हायचा नाही.

मला काळप्रवास असा किरकोळ कामाचा आवडतो. जग वाचवायला निघालेल्यांचं फार अंगावर येतं. १९८१ मध्ये एक्स-मेन या हिरोटोळीतल्या किटीचं मन भीषण भविष्यातून मागे धाडलं गेलं, ते भविष्य होतं २०१३ सालचं. ते साल कधी आलं न् गेलं, आमच्या धरमपेठेत कुणाला पत्ता नाही.

त्यापेक्षा १९८६ चा बूस्टर गोल्ड प्रामाणिक. पंचविसाव्या शतकातला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, सट्टेबाजीत हाकलला गेला, संग्रहालयात रात्रीचा पहारेकरी झाला. तिथलीच अंगठी, पट्टा आणि एक बोलका यंत्रमानव लंपास करून थेट आपल्या काळात. कशाला? नाव कमवायला आणि जाहिरातींतून पैसा करायला. उगाच भाषण नाही.

भाचा मात्र फ्लॅशवाला, म्हणजे विजेच्या वेगानं पळणाऱ्या हिरोचा भक्त. फ्लॅशकडे १९६१ पासून वैश्विक ट्रेडमिल आहे, तिच्यावर पळायचं आणि हव्या त्या सालात उतरायचं. (नागपूरच्या मे महिन्यात पळायचं म्हणजे आधी कूलरचं बघावं लागेल.) २०११ च्या गोष्टीत तो मागे जाऊन आईचा खून टाळतो. मागणं केवढंसं, पण परत येतो तर ब्रूस वेनऐवजी ब्रूसचे वडीलच बॅटमॅन झालेले, अ‍ॅक्वामॅन आणि वंडर वुमन युद्धाला उभे. ते निस्तरताना सगळं विश्वच नव्यानं मांडलं गेलं, आणि नऊशे अंकांच्या पुढे गेलेलं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ मासिक पुन्हा अंक १! पोराला आई हवी होती, कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीला नवी वही मिळाली. यात खलनायक कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

“मामा, तुमच्याजवळ ते यंत्र असतं त कुठी गेले असते?” भाच्यानं विचारलं.

“२०१५ मध्ये. इतवारीहून नागभीडच्या छोट्या गाडीत बसून उमरेडला. २०१९ ला बंद केली ना बाप्पा ती.”

“बस? एवढ्यासाठी?”

एवढ्यासाठीच. फक्त एका गोष्टीचा विचार कुठलाच हिरो करत नाही, तिकिटाचे पैसे. हल्लीची पाचशेची नोट २०१६ च्या नोव्हेंबरातली. खिडकीवरचा बाबू ती उलटीपालटी करून बघेल आणि पोलिसाला हाक मारेल. जुन्या दहाच्या नोटा जमवल्या पाहिजेत.

“फोनवरून देऊन टाका न मग,” भाचा म्हणाला.

यूपीआयही २०१६ चंच, बे!