हात लावायचा नाही

अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे पाण्याला उधाण. मालवणला अशा दिवसांत किल्ल्याच्या मागच्या बाजूलाही तळ ढवळून निघतो आणि लांब केलेल्या हाताची बोटं दिसली तरी खूप. आम्ही इथे पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्याखाली नेतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना या, असं फोनवर सांगतो. पण शाळेच्या सुट्ट्या चंद्र बघून लागत नाहीत. लोक येतात, उतरतात आणि वर आल्यावर 'काहीच दिसलं नाही' म्हणून पैशांवरून हुज्जत घालतात. त्या दिवशीच्या गर्दीत कोल्हापूरचे दोन चुलतभाऊ होते. धाकटा विशीतला, जन्मापासून पूर्ण अंध.

आमच्या फॉर्मवर दमा, हृदय, कान, अलीकडची शस्त्रक्रिया या सगळ्यांचे रकाने आहेत, अंधत्वाचा नाही. बोटवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेका काय दिसतला? उगाच जोखीम कित्याक घेतंस?" काकांना दर्या कळतो तेवढी माणसं कळत नाहीत. हा मुलगा नदीत पोहायला शिकलेला, दम चांगला, कान साफ, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. बूट घालूनच शिडी उतरायला निघालेले एक गृहस्थ मला त्याच्यापेक्षा जास्त धोक्याचे वाटत होते.

अडचण होती ती आमच्या भाषेची. पाण्याखाली आम्ही सगळं हातवाऱ्यांनी बोलतो. म्हणून मनगट दाबायचं ठरवलं. एकदा दाबलं की 'ठीक?', त्यानेही एकदा दाबायचं. दोनदा म्हणजे कान दुखतोय, थांब. धरून ठेवलं की वर. "मला काचेचा चष्मा कशाला?" असं त्याने विचारलं. मास्क नाकासाठी, म्हटलं. नाक उघडं राहिलं तर पाणी जातं, आणि कानातला दाब मोकळा करायला नाक बाहेरून चिमटीत धरता आलं पाहिजे. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात आणून देणारं यंत्र, त्याच्या हातात दिला. तोंडात धरायच्या रबरापासून नळीवर बोटं फिरवत तो थेट सिलिंडरच्या तोटीपर्यंत गेला, मग उलटा परत आला, आणि पुढचं बटण दाबल्यावर हवा का सुटते ते विचारलं. हे बटण बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, कारण मी सांगत असताना त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं.

मग तो म्हणाला, "कोरलला हात लावू द्याल ना?"

नाही म्हणालो. दगडासारख्या दिसणाऱ्या प्रवाळावर जिवंत कातडीचा जेमतेम एक थर असतो, तो खरवडला गेला की तेवढी जागा मरू शकते. आणि वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वाळलेला तुकडा बाळगणंही गुन्हा, त्यामुळे बोटीवर दाखवायलाही काही नव्हतं. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "मग मी बघू कशानं?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

खाली गेलो. माझा डावा हात त्याच्या सिलिंडरच्या तोटीवर, उजव्यात त्याचं मनगट. पहिल्या दोन मीटरांत त्याने दोनदा दाबलं, थांबलो, कान सुटले. पण तळाच्या जवळ आल्यावर तो एकदम ताठ झाला, श्वास जोरात, बुडबुडे भराभरा. मनगट धरून ठेवेल म्हणून मी वाट बघत राहिलो. त्याने धरलं नाही. हळूहळू श्वास जागेवर आला. कारण वर आल्यावर कळलं. जमिनीवर तो आवाजावरून दिशा ठरवतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने येतो, दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि दिशाच हरवते. आमचे डोळे जाऊन आमचं जे होईल, ते त्याचं तिथे झालं होतं. हे कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

उघड्या कातळावर त्याचा हात नेऊन ठेवला. कालवांच्या धारेवरून बोट जपून फिरवलं, लाटेबरोबर हलणारं शेवाळ बराच वेळ मुठीतून जाऊ दिलं. मग त्याने मोकळा हात पुढे धरला आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे थव्याने येऊन त्याच्या बोटांना टोचू लागले. पुढे आलेल्या हातात पाव असतो, हे त्यांना आमच्याच धंद्याने शिकवलंय. व्हिडिओत गर्दी दिसावी म्हणून पाव टाकतात, त्यावरून मी सगळ्यांशी भांडत असतो. आणि हा पोरगा रेग्युलेटर तोंडात धरून हसत होता. तोंडाच्या कडेने पाणी जाईल म्हणून मलाच काळजी.

बोटीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य : "खाली भजी तळायला लागल्यात व्हय?"

ती कोळंबीच्या जातीतली छोटी जनावरं. नांगी इतक्या जोरात मिटतात की पाण्यात बुडबुडा होतो, आणि तो फुटताना टक्‌ असा आवाज येतो. हजारोंनी मिळून तडतड करतात. हा आवाज रोज माझ्या कानावर असतो. पाहुण्यांना सांगण्यासारखं काही म्हणून तो मी कधी मोजलाच नव्हता.

"आणि मधेच ते खरडल्यासारखं काय होतं?"

शेजारच्या बोटीचा नांगर.

"कशावर खरडला?"

वाळूवर म्हणून सांगता आलं असतं. कोरलवर, म्हटलं. 1987 पासून हे अभयारण्य आहे, आणि नांगर टाकताना खाली काय आहे ते कोण बघतो? वर उभे असलेले सगळे जण किल्ल्याकडे तोंड करून सेल्फी काढत असतात. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरंय. त्याला लावू देताय."

चुलतभावाला व्हिडिओत फक्त हिरवं पाणी दिसलं म्हणून तो नाराज होता. धाकट्याने मात्र तीच क्लिप आवाजासकट पाठवा म्हणून नंबर दिला. त्यात निम्मे माझेच बुडबुडे आहेत, पण पाठवली.

दिवाळीनंतर तो वसतिगृहातल्या दोन मित्रांना घेऊन येणार आहे. या वेळी भांगाची तारीख बघून दिलीय, निदान पाण्याला ओढ कमी असेल. काकांनी तेव्हापासून नांगर वाळूत टाकायला सुरुवात केलीय, जागेवरून थोडं लांब, तिथून पोहत यावं लागतं म्हणून बाकीचे पाहुणे कुरकुरतात. हात लावण्याबद्दल वनखात्यातल्या एका ओळखीच्यांना विचारलं. ते म्हणाले, लेखी विचारू नका, लेखी उत्तर 'नाही' असंच येईल.