मागचं बेअरिंग दोनदा बदललं, दुखणं हाऊसिंगच्या टोकाला होतं

माझी टाटा 407 आहे, छोटा ट्रक, 2009 ची. गुळाच्या सीझनला कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून माल भरून रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट आलाच. नोव्हेंबरात डाव्या मागच्या चाकातनं घर्र घर्र सुरू झालं, गॅरेजला नेली, आतलं बाहेरचं दोन्ही बेअरिंग आणि ऑइल सील बदललं, अर्ध्या दिवसात गाडी रस्त्यावर. फेब्रुवारीत परत तोच आवाज. घाट उतरून साखरप्यात चहाला थांबलो, हबाजवळ (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) हात नेला तर उजवीकडं कोमट आणि डावीकडं हात धरवेना, जळक्या ग्रीसचा वास वेगळाच.

यावेळी म्हटलं मी स्वतः उभा राहणार. 407 चा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग, वजन हाऊसिंगवर, म्हणजे एक्सलभोवतीच्या पोकळ नळीवर असतं, आतल्या एक्सलवर नाही, त्यामुळं एक्सल उपसायला जॅकसुद्धा लागत नाही. एक्सल बघितला, दात पिळलेले नाहीत, सरळ आहे, तो विषय संपला. मग जॅक, खाली टेकूची घोडी (नुसत्या जॅकवर हब काढणाऱ्याला दोन शिव्या माझ्याकडनं), नट काढला, हब बाहेर. आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. तीन महिन्यांचं बेअरिंग!

मिस्त्री म्हणाला, "काका, माल डुप्लिकेट लागला." मी पण मान डोलवली असती, पण टोक पुसताना नख अडकलं. हाऊसिंगच्या टोकावर जिथं बेअरिंगचा कोन (रोलरसकट आतली कडी) बसतो तिथं खालच्या बाजूला चक्क पायरी. कोन हातानं सरकून निघतो ते बरोबरच आहे, मागच्या हबात कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, ठोकून घट्ट बसवलेला असतो आणि कोन सरकता असतो, पण सरकता म्हणजे खुळखुळा नाही. मायक्रोमीटर लावला तर आडव्या मापापेक्षा उभं माप 0.3 मिमी कमी. म्हणजे नोव्हेंबरात नवं बेअरिंग वाकड्या सीटवर चढवलं होतं आणि मी पैसे देऊन खुशीत घरी गेलो होतो.

407 गाडी 1986 पासून रस्त्यावर आहे, जुनं हाऊसिंग भंगारात सहज मिळेल असं वाटलं. दोन बघितली, दोन्हींच्या टोकाला हेच. मग हाऊसिंग उतरवलं आणि उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं टाकलं. इथनं माझा वनवास सुरू.

तो आधी म्हणाला वेल्डिंग भरून टर्निंग करू, स्वस्तात होईल. मी नको म्हटलं, भरलेल्या जागी उष्णतेनं टोक वाकडं होतं नाहीतर पुढं क्रॅक जातो. सीट गोल करून वर स्लीव्ह (नळीसारखी कडी) गरम करून बसवायची आणि मग फायनल माप काढायचं, असं ठरलं. "उद्या संध्याकाळी या." उद्या गेलो, हाऊसिंग टाकलं तिथंच, त्यावर कुणीतरी डबा ठेवून जेवलेलं. परवा गेलो, कुठल्यातरी मोठ्या पार्टीचे पंपाचे शाफ्ट लावलेले. चौथ्या दिवशी पोरगा म्हणाला मोठा लेथ मोकळा नाही आणि लहानावर एवढं लांब हाऊसिंग फिरत नाही. अरे मग घेतलं कशाला! रोज जाऊन स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो, इकडं यार्डात व्यापारी दुसऱ्याची गाडी लावायला लागला. सातव्या दिवशी आवाज चढला माझा, तेव्हा कुठं हाऊसिंग लेथवर चढलं.

नवव्या दिवशी तयार. खिशातनं नवा कोन काढून तिथंच चढवला तर निम्म्यात अडकला. यानं माप घेतलं होतं जुन्या कोनावरून, जो आतनं झिजून ढिला झालेला! वर म्हणतो, "ठोका, बसेल." नाही ठोकला. परत लेथवर, आणखी एक दिवस गेला. तेव्हा लेथवाल्याला नवं बेअरिंग हातात द्या, त्याच्यासमोर चढवून बघा आणि मगच पैसे काढा. माझे साडेतीन हजार लेथचे गेले, पण खरं नुकसान बुडालेल्या फेऱ्यांचं.

पुढचं काम पटापट झालं. कप आणि कोन एकाच सेटचे घ्यायचे, जुन्या कपात नवा कोन नाही. ग्रीस एपी-3, हाताच्या तळव्यावर घेऊन रोलरच्या फटीतनं पलीकडं निघेपर्यंत दाबायचं, वरनं फासून काही होत नाही. हब नट आवळताना हब सतत फिरवत राहायचं म्हणजे रोलर बसतात, मग थोडा ढिला करून लॉक. मिस्त्री अंदाजानं करत होता, मी शेजारच्याचं डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) मागून आणलं, 0.08 मिमी खेळ आला, 0.025 ते 0.125 च्या आत म्हणजे चालेल. एका फेरीनंतर परत बघितलं, तेवढाच.

आता घाट उतरून दोन्ही हबांना हात लावतो, दोन्ही सारखेच कोमट.

हां, एक राहिलं. ब्रीदर. हाऊसिंगवर वर आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी असते, माझी चिखलानं पूर्ण बुजलेली. ती बुजली की आत दाब होतो, तेल सीलमधनं हबात, तिथनं ब्रेकच्या लायनरवर. नवं सील टाकायच्या आधी ती तारेनं मोकळी करा, मी हे सगळं बसवून झाल्यावर बघितलं.