वारं नसलेली संध्याकाळ

"रिमोटचं हेलिकॉप्टर पहिलंच हाय न्हवं काका? मग एकावर एक दोन पंखे असलेलं घ्या की."

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानातलं पोरगं. असेल सोळा-सतराचं.

माझा डोळा एका पंख्याच्या, सहा चॅनेलच्या (म्हणजे रिमोटचे सहा वेगवेगळे हुकूम घेणाऱ्या) देखण्या हेलिकॉप्टरवर. त्यानं दोन्ही तळहात एकावर एक धरून उलटसुलट फिरवून दाखवले. दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरतात, एकाचा पीळ दुसरा मारतो, म्हणून अंग गरगरत नाही. एकाच पंख्याचं असेल तर ते काम शेपटीवर. "पण हे घरातच उडवा. वाऱ्याला टिकत न्हाई."

घेतलं. हॉलमध्ये उडवलं. पडद्यात अडकून एक पातं गेलं. (जादा पाती त्यानं न विचारताच पिशवीत टाकली होती!)

तरी डोक्यात व्हॅक्सिन डेपोचं मैदानच. बेळगावात वारं नसलेली संध्याकाळ कधी असते हो?