तुम्ही विचारलंत म्हणून: चिकटवत का नाही?

“पुढून कुठे काय दिसतंय? मग सरळ चिकटवून टाकायचं ना!” मी सुईदोऱ्याने मणी विणून केलेला ब्रोच हातात घेतला, उलटा करून पाहिला, किंमत ऐकली, की पुढचं वाक्य हेच. प्रदर्शनात अनोळखी बायका म्हणतात, लग्नाकार्यात नात्यातल्या म्हणतात. बोटाच्या दीड पेराएवढ्या खंड्या पक्ष्याच्या ब्रोचचे बाराशे रुपये म्हणजे जास्तच वाटणार, हे मला कळत नाही असं समजू नका. तुळशीबागेत त्या पैशात अख्ख्या भिशीला पुरतील एवढे ब्रोच येतात.

इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आले: टिकतं म्हणून. त्यात खोटं काही नाही. मणी विणायच्या माझ्या पद्धतीत, म्हणजे ब्रिक स्टिचमध्ये, खालच्या ओळीतल्या दोन मण्यांमध्ये जो दोरा असतो, त्याखालून सुई घालायची आणि नव्या मण्यातून परत वर काढायची. विटांची भिंत चढते तशी प्रत्येक ओळ अर्ध्या मण्याने सरकते. शेवटी गाठ नाहीच, दोरा तीन-चार ओळींतून नागमोडी फिरवायचा आणि कापायचा. मध्येच भलत्या रंगाचा मणी आला, तर त्याच्या भोकात सुई ठेवून पकडीने मणी फोडायचा, म्हणजे दोऱ्याला धक्का लागत नाही. सुई बारा नंबरची (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते). मणी जपानी, हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामाच्या मियुकी कंपनीचे डेलिका नावाचे, जेमतेम १.६ मिलिमीटर रुंद, सगळे एका मापाचे. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे काचमणी मला मनापासून आवडतात, पण त्यात एक जाड तर एक चपटा. खंड्याच्या पंखाची कड त्यांनी सरळ येत नाही.

मी भांडतेही. मंगळसूत्र गाठवायला पटवेकऱ्याकडे जाता, तेव्हा त्याला म्हणता का, “चिकटवून द्या हो”? हे मी बऱ्याच जणींना ऐकवलं आहे. नणंदेने एका वाक्यात निकाल लावला: “वहिनी, मंगळसूत्र रोज गळ्यात असतं. तुझा खंड्या वर्षातून दोनदा पदरावर बसतो.”

आणि मग त्या काकू आल्या. दिवाळीआधीचं प्रदर्शन, दुपारची मरगळ. त्यांनी पर्समधून कानातल्यांची डबी काढली. आत माझा खंड्या: तपकिरी डोकं, पांढरा गळा, लाल चोच, आणि पंख वेगळा पडलेला. “तुमच्याकडचाच आहे. सूनबाईंनी दिला साठीला. एवढा महागाचा, आणि पंख निघाला हो.” मलाही तो माझाच वाटला. काळजात धस्स झालं. आजवर माझा एकही पंख निघाला नव्हता.

उलटा केला. मागे फेल्ट, त्यावर गरम गोंदाचे वाळलेले थेंब, दोऱ्याचा पत्ता नाही. मणी ओळीने चिकटवलेले. पांढऱ्या गळ्यात मी एक मोतिया रंगाचा मणी घालते, तोसुद्धा उचललेला, नेमक्या जागी. हात किती सफाईदार होता, ते खोटं कशाला सांगू. मान वर केली. सूनबाई काकूंच्या मागेच उभी होती. फोनमध्ये बघत होती, पण अंगठा हलत नव्हता.

“हा माझा नाही,” एवढं म्हटलं असतं की झालं. शब्द ओठांवर आले होते. माझ्या नावावर निखळलेला पंख फिरतोय, याचा संताप होता. पण ते शब्द काकूंच्या कानांवरून थेट मागे जाऊन पडले असते, आणि नंतर त्या घरात जे झालं असतं ते मला नको होतं. “ठेवून जा, संध्याकाळी देते,” म्हटलं. विणकामाला विणकामाने सांधता येतं, इथे सुई अडकवायला दोराच नव्हता. शेजारच्या स्टॉलवरून गोंदाची ट्यूब मागितली आणि पंख चिकटवून टाकला. हो, मीच.

काकू खूश. पैसे काढायला लागल्या, मी घेतले नाहीत. “तुमचं काम मजबूत असतं,” म्हणाल्या. सूनबाईने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला तिचा राग येता येता राहिला. बाराशे तिला परवडले नसतील, किंवा परवडत असूनही पटले नसतील. दोन्ही तिचा हक्क.

पुढच्या वर्षी काकू परत आल्या. पदरावर तोच खंड्या, पंख जागच्या जागी. तेव्हापासून “टिकतं म्हणून” म्हणताना माझी जीभ अडखळते.

मग अजून सुईदोरा का? मला वाटतं ते सांगते, पटलं तर बघा. चिकटवताना डोळा आधी ठेवता येतो, चोच मागाहून. विणताना डोळ्याची ओळ आल्याशिवाय डोळा ओवताच येत नाही. खंड्या शेपटीकडून वर चढत येतो, अर्ध्यावर नुसता निळा ठिपका असतो, आणि काळा मणी पडला की एकदम माझ्याकडे बघायला लागतो. मला ते लागतं. आता तुम्ही म्हणाल, ही तुमची हौस झाली, तिचे पैसे आम्ही का भरायचे? रास्त प्रश्न आहे. नणंदही हेच विचारते. उत्तर सुचलेलं नाही आणि किंमत अजून बाराशेच आहे.