डीपीतला तो एक पदर

आमच्या मळ्यातला 100 केव्हीएचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मागच्या उन्हाळ्यात जळाला. जाळणाऱ्यांत मीही होतो. माझा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड झालाय, म्हणजे 'मला काय माहीत' म्हणायचीसुद्धा सोय नाही.

किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनीमातीच्या खोबणीत, कल्हईची तांब्याची तार घालायची असते. ती सारखी उडायची. रात्रीची लाइट, उसाचं पाणी, आणि फ्यूज बांधायला चिखल तुडवत कोण जाणार? मग कुणीतरी लाइनच्या तुटक्या वीझल तारेचा, म्हणजे पिळाच्या ॲल्युमिनियम तारेचा, एक पदर सोडवून तिन्ही फेजला गुंडाळला. फ्यूज उडायचा बंद झाला. सगळे खूश, मीसुद्धा.

हिशोब मांडला तो डीपी जळाल्यावर. 100 केव्हीएला खालच्या बाजूला, 433 व्होल्टला, पूर्ण लोडचा करंट 133 अँपिअर. आमच्या 26 मोटारी: 17 पाच एचपीच्या, 9 साडेसातच्या. साडेसात आणि अकरा अँपिअर धरले तर बेरीज 226. आणि वीझलचा पदर 2.59 मिलिमीटर जाडीचा. प्रीसच्या सूत्राने तो वितळायला 245 च्या पुढे करंट लागतो. म्हणजे चालत्या लोडला तो पदर उडणारच नव्हता. करंट 1.7 पट झाला की कॉइलमधली उष्णता वर्गाने वाढते, जवळजवळ तिप्पट. आतला कागद महिनाभर भाजत होता आणि आम्ही बांधावर झोपलो होतो. त्यात सगळ्यांचे ऑटो, मोटार आपोआप चालू करणारे स्विच. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठणार, प्रत्येक पाच-सहापट करंट ओढत.

"वर डीओ होता की, तो का नाही पडला?" शेजारच्या काकांनी विचारलं. डीओ म्हणजे वरच्या, 11 केव्हीच्या बाजूचा ड्रॉप-आउट फ्यूज. प्रश्न बरोबर आहे. 11 केव्हीच्या बाजूला पूर्ण लोडचा करंट फक्त सव्वापाच अँपिअर. पण डीपी चालू करताना क्षणभर त्याच्या आठ-दहापट झटका बसतो, म्हणून तिथली तार दुप्पट किंवा जास्तच क्षमतेची ठेवतात. आमचा ओव्हरलोड वर जाऊन जेमतेम 9 अँपिअर दिसत होता. डीओ आहे तो शॉर्टसर्किटसाठी. तो पडलाही, नळी खाली लोंबकळली, पण कॉइल जळून आत शॉर्ट झाल्यावर. ओव्हरलोडचा राखणदार एकच, किटकॅट, आणि त्यालाच आम्ही गप्प बसवलं होतं.

नवा डीपी येईपर्यंत माझ्या खोडव्याची पानं पिवळी पडली. आता मोटारी दोन पाळ्यांत, ऑटो काढलेले. निदान तसं ठरलंय. फ्यूज बांधायचं काम वायरमनचंच. आमच्यातलं कुणी हात घालायचा नाही, हेही ठरलंय.

परवा रात्री अकराला फोन आला. "भाऊ, बी फेज गेला. तुझ्याकडं जाड तार असंल ना?"

म्हटलं, वायरमनला फोन लाव, आणि तो येईपर्यंत कुणाचा ऑटो चालू आहे ते बघून ठेव.